जिथे अडलं, तिथे

३ फेब्रुवारी

मॅडमनी दिलेलं काम माझ्या डोक्यात मावत नाहीये, म्हणून आजपासून लिहायला घेतलंय. घरी कुणाशी बोलावं, तर घरात सध्या कॉम्प्युटरचं नाव काढायचं नाही असा न बोलता ठरलेला नियम आहे.

काम असं आहे. आमची कंपनी एक एडिटर बनवते. प्रोग्रामर लोक ज्यात बसून प्रोग्राम लिहितात, ती त्यांची पाटी म्हणा. तिच्याबरोबर मदतीची पानं असतात आणि ती मी लिहिते. वर्षानुवर्षं लिहितेय आणि कुणीही वाचत नाही. मला आधीपासून संशय होता, आज मॅडमनी वापराचा तक्ता उघडून पुरावाच दाखवला. माणूस अडला की मदतीचं पान उघडत नाही, शेजारच्याला विचारतो. शेजारी जागेवर नसेल तर आम्हाला शिव्या घालतो.

"आता मदतच त्याच्याकडे गेली पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "तो ज्या शब्दावर थांबलाय त्याच शब्दाची माहिती, तिथल्या तिथे. बाकीचं पुराण नको. कराल ना?"

मी हो म्हणाले. मॅडमच्या खोलीत सगळे हो म्हणतात, मग जिन्यात येऊन डोक्याला हात लावतात.

मी प्रोग्रामर नाही. मी भाषा शिकले. कुठला शब्द बोचतो ते मला कळतं, पण कोड लिहिताना माणूस नेमका कशाला अडतो ते कसं कळणार? घरात एक प्रोग्रामर आहे, पण तिला विचारायची सोय नाही. माझी नणंद. लग्नानंतर थट्टेत 'वन्सं' म्हणायला लागले ते चिकटलं. नवऱ्याची मोठी बहीण. अर्धं आयुष्य कोड लिहिण्यात गेलं. मग डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होत गेला. आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. नोकरी सुटली आणि गेल्या वर्षी त्या आमच्याकडे आल्या. दिवसभर खोलीत रेडिओ लावून बसतात.

मी त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपते. पाणी हातात देते, चपला पायांपुढे ठेवते, जिन्यावर कोपर धरते. त्या म्हणतात, "राहू दे गं." भिडस्त आहेत.

८ फेब्रुवारी

आज जेवताना माझा तोल गेला. आठवडाभर पानं काळी करत होते आणि हाती काही लागत नव्हतं. भात वाढता वाढता तोंडून निघून गेलं, "वन्सं, कोड लिहिताना तुम्ही कशाला अडायचात हो?"

नवऱ्याने टेबलाखालून पाय मारला. वन्संनी घास खाली ठेवला. मला वाटलं, आता उठून जाणार.

"तिसऱ्याला," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"एखादं काम करून देणाऱ्या फंक्शनला कंसात चार गोष्टी द्याव्या लागतात समज. पहिली ठाऊक असते, दुसरी ठाऊक असते. तिसरी काय होती ते दर वेळी विसरायचे मी. तेवढं एक विचारायला जावं तर तुम्ही लोक फंक्शनची जन्मकुंडली मांडून बसायचात. ते कोणी बनवलं, कशासाठी, त्याचे भाऊबंद कोण. अगं, मी कंसात उभी आहे. तिसऱ्या जागेवर उभी आहे. मला तिसरीचं सांग आणि वाटेतून बाजूला हो."

मग घास उचलून जेवल्या. नवरा माझ्याकडे बघत होता. नंतर स्वयंपाकघरात म्हणाला, "जखमेवरची खपली कशाला काढतेस?" मला वाईट वाटलं. पण हात पुसून लगेच 'तिसऱ्या जागेवर उभी आहे' हे कागदावर लिहून घेतलं, हेही खरं.

१४ फेब्रुवारी

आमच्या चमूत माझ्याशिवाय दोघंच आहेत. कोड लिहिणारा दाढीवाला आणि चुका शोधणारे खुसपटराव. हे नाव मी ठेवलंय आणि ऑफिसभर पसरलंय. त्यांना ठाऊक आहे. वयाने माझ्याहून थोडे मोठे, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, बोलणं मोजून-मापून. कशातही खुसपट काढायचं हाच त्यांचा धंदा, त्यामुळे तक्रार तरी कशी करणार.

दाढीवाल्याने आज पहिला नमुना दाखवला. माऊस ज्या शब्दावर जाईल तिथे छोटी खिडकी उघडते आणि तिच्यात माझा मजकूर. मी हरखून गेले. आजवर माझा मजकूर कुठल्याशा तळघरात पडलेला असायचा, आज तो दारात उभा राहून स्वागत करत होता.

खुसपटरावांनी पाच मिनिटं माऊस फिरवला. "पंगतीत आग्रह करणाऱ्या मावशी असतात," ते म्हणाले, "पानावर हात आडवा धरला तरी वाढतात. तशी आहे ही."

मला राग आला. एक शब्द कौतुकाचा म्हणून नाही.

२१ फेब्रुवारी

मावशीच निघाली. चार ओळखीच्या ऑफिसांत नमुना वापरायला दिला होता. जवळजवळ सगळ्यांनी पहिल्याच दिवशी ती सोय बंद करून टाकली. एकाने कळवलंय, "हिला गप्प कसं करायचं, याची मदत कुठे मिळेल?"

मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. एप्रिलअखेर नीट झालं नाही तर ही कल्पना गुंडाळायची. मग मदत लिहायला स्वतंत्र माणूस ठेवायचं का तेही बघायचं. स्वतंत्र माणूस म्हणजे मी.

घरी येऊन पर्स सोफ्यावर टाकली आणि रडू आवरेना. नवरा अजून आला नव्हता. वन्संनी खोलीतून विचारलं, "काय झालं?" मी सगळं सांगितलं. त्या 'गप्प कसं करायचं' वर त्या हसल्या. बऱ्याच महिन्यांत असं हसलेल्या ऐकलं नव्हतं. मला आधी राग आला, मग मीही हसले.

"दाखव बघू तुझी मावशी," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "म्हणजे ऐकव."

ऐकवायचं कसं ते मला येत नव्हतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारे प्रोग्राम असतात एवढं ठाऊक होतं. वन्संना नोकरी सुटताना एक शिकवला होता, पण त्यांनी तो पुन्हा उघडला नाही. ऑफिसात तो चालवता येणारं माणूस एकच, खुसपटराव.

१ मार्च, शनिवार

खुसपटराव घरी आले. नवरा बाहेर गेला होता, ते बरंच झालं.

माणूस जरा रूक्षच. दारात उभं राहून म्हणाले, "नमस्कार. मी ऑफिसातला, चुका शोधणारा. दाराशी उभा आहे, हातात लॅपटॉप आहे. कुठे बसू?" वन्संनी सांगितलं, "डावीकडे खिडकीजवळ खुर्ची आहे, तिथे बसा. मी टेबलाशी येते." आणि त्या टेबलाकडे निघाल्या. मी धरायला पुढे झाले, पण खुसपटराव नेमके माझ्या वाटेत उभे. जागचे हलले नाहीत. अवजड माणूस.

हेडफोन वन्संनी लावले, एक कान मला दिला. त्या वाचणाऱ्या आवाजाचा वेग असा की मला फक्त तडतड ऐकू येत होती. वन्सं म्हणाल्या, "वाढवा अजून." त्यांची बोटं कळांवर पडली आणि थांबलीच नाहीत. मी त्यांना कधी काम करताना पाहिलं नव्हतं. वेगळीच बाई दिसत होती.

मग आमची खिडकी उघडली. इकडे कोडची ओळ वाचली जातेय आणि तिच्यावर माझा मजकूर. दोन्ही आवाज एकमेकांत घुसले. वन्संनी खिडकी बंद केली तर कर्सर भलत्याच ओळीवर जाऊन बसला. त्यांनी परत शोधला, तर परत खिडकी. पुन्हा हरवल्या. तिसऱ्यांदा हेडफोन काढून टेबलावर ठेवले, भिंतीला हात लावत खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

मी मागे धावले. खुसपटराव म्हणाले, "थांबा जरा." आणि स्वतः लॅपटॉप मिटून निघून गेले.

२ मार्च

नवऱ्याला कळलंच. "तुझ्या कामासाठी ताईला वापरू नकोस," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "वर्षभर ती सावरतेय आणि तू तिला त्याच खड्ड्यापाशी नेऊन उभी केलीस."

खरंच, त्यांना बरं वाटावं म्हणून विचारलं होतं, की माझी नोकरी वाचावी म्हणून? नोकरी वाचावी म्हणूनच. इथे लिहायला काय हरकत आहे.

दुपारी वन्सं स्वयंपाकघरात आल्या. मी खुर्ची ओढायला गेले तर म्हणाल्या, "उभीच राहते. कालचा तो माणूस परत येणार आहे का?"

"तुम्ही म्हणाल तर येऊ नका म्हणून सांगते."

"उलट विचारतेय मी. काल मला राग कशाचा आला सांगू? मला कोड आठवत होतं. सगळं आठवत होतं. मी ओळीत नीट उभी होते आणि तुमच्या त्या खिडकीने मला उचलून तिसऱ्याच मजल्यावर नेऊन सोडलं. परत यायची वाटच ठेवली नाहीत. ते दुरुस्त झालं पाहिजे. माझ्यासाठी नाही, मूळ कामच वाईट आहे म्हणून."

मग त्यांनी चहा मागितला. साखर स्वतः घातली, थोडी सांडली. मी पुसून घेतली.

११ मार्च

वन्सं आणि खुसपटराव यांच्यात दोनदा बैठक झाली. मी कागद-पेन घेऊन बसते, दाढीवाला ऑफिसात बसून सांगितलेलं बनवतो.

ठरलं ते असं. मदत आपणहून येणार नाही. कळ दाबली तरच येईल. पहिल्यांदा दाबल्यावर एकच वाक्य आणि तेही कर्सर जिथे असेल तिथलंच. कंसात तिसऱ्या जागेवर असाल तर तिसरीचं, चुकलेल्या ओळीवर असाल तर चुकीचं. पुन्हा दाबली तर एक उदाहरण. पुन्हा दाबली तर सगळं पान, हौस असेल त्याला. आणि एस्केपची कळ दाबली की जिथून निघालात त्याच अक्षरावर परत. अलीकडे नाही, पलीकडे नाही.

एस्केपचं बोलणं चाललं होतं तेव्हा खुसपटराव म्हणाले, "बाकी काही झालं नाही तरी चालेल, हे झालंच पाहिजे." वन्संनी त्यांच्या दिशेने मान वळवली. "माझ्या तोंडातलं वाक्य आहे हे." मला वाटलं वाद होतोय, म्हणून चहा टाकायला उठले.

१५ मार्च

आज माझी हजेरी घेतली गेली. माझी वाक्यं वन्संनी ऐकली. एक असं होतं: "या ठिकाणी आपण वापरकर्त्याने दिलेल्या फाइलचा मार्ग नमूद करू शकता."

"पहिला अर्धा भाग कचरा," वन्सं म्हणाल्या. "डोळ्यांनी वाचणारा उडी मारून पुढे जातो. मला शेवटपर्यंत ऐकावं लागतं आणि कामाचा शब्द येतो तेव्हा मी कंटाळलेली असते. फाइलचा मार्ग. एवढंच लिही. संपलं."

मी म्हणाले, "पण ते उद्धट वाटतं."

"आग लागल्यावर 'कृपया आपण पाणी आणू शकाल का' म्हणतेस का तू?"

खुसपटराव हसले. त्यांना हसताना ऐकून मीच दचकले.

सगळी वाक्यं नव्याने लिहायला बसलेय. ढीग आहे, पण मजा येतेय. इतकी वर्षं नोकरी करून मी लिहायला आत्ता शिकतेय, तेही घरच्या घरी.

बाय द वे, खुसपटराव आज गालांना काहीतरी सुवासिक लावून आले होते. पुढे कुठे तरी जायचं असणार. ते गेल्यावर वन्संनी सहज विचारलं, "कसा आहे गं दिसायला?" मी खरं ते सांगितलं. टक्कल पडलंय, नाक मोठं आहे, शर्ट इस्त्रीचा असतो. "नाक मोठं म्हणजे किती?" म्हणाल्या. चौकस आहेत. बाहेरच्या जगात रस वाटायला लागला, हे चांगलं लक्षण आहे.

१९ मार्च

वन्सं पडल्या. माझ्यामुळे.

न्हाणीघरातून बाहेर आल्यावर त्यांना चपला घालायला बसता यावं म्हणून मी पॅसेजमधलं स्टूल दाराशी नेऊन ठेवलं. सांगायचं राहिलं. त्या नेहमीच्या ठाम पावलांनी बाहेर आल्या आणि स्टुलावरून कोलमडल्या. डावं मनगट मुरगळलं. हाड सलामत आहे, डॉक्टरांनी पट्टा बांधून दिलाय. परत येताना रिक्षात मी रडत होते आणि त्या माझी पाठ थोपटत होत्या, उजव्या हाताने.

"एक सांगू?" त्या म्हणाल्या. "आपल्या घराचा सगळा नकाशा माझ्या पायांत आहे. तू वस्तू हलवलीस की तो खोटा पडतो. हलवायची असेल तर सांग. सांगायचं नसेल तर हलवू नकोस."

नवरा घरी आला तेव्हा मी बोलणी खायला तयार होते. वन्सं त्याला म्हणाल्या, "मी पडले. माणसं पडतात. तू पण जिन्यात पडला होतास, तेव्हा कुणी सभा घेतली नव्हती." माझ्याच्याने नीट आभारही मानवले नाहीत.

२० मार्च

वन्संचं कालचं बोलणं डोक्यातून जाईना आणि त्यावरून एक गोष्ट लक्षात आली. आमची मदतीची खिडकी उघडते तेव्हा खालच्या ओळी आणखी खाली ढकलते. माणसाने नजरेत धरून ठेवलेली ओळ हलते! दाढीवाल्याला सांगितलं की मजकुरातली एकही ओळ हलता कामा नये, मदत कडेला उघडायची. तो म्हणाला, "कसं सुचलं?" मी म्हणाले, "स्टुलावरून."

आणखी एक. आमची कळ म्हणजे खरं तर तीन कळा एकदम दाबायच्या होत्या. वन्सं आज एका हाताने दाबायला गेल्या आणि जमेना. पट्टा सुटेपर्यंत थांबू या म्हटलं तर खवळल्या. "एका हातात चहाचा कप असणारे लोक नसतात का?" आता एकच कळ. दाढीवाल्याने कुरकुर केली, पण स्वतः कप हातात धरून दाबून पाहिली आणि कामाला लागला.

खुसपटरावांना पडल्याचं कळलं तेव्हा ते कामाच्या दिवशी संध्याकाळी येऊन गेले. लॅपटॉप आणायला विसरले होते. इतका नेटका माणूस, पण वय झालं की विसरायला होतं. मी त्यांना घरचा लॅपटॉप देऊ केला, तर म्हणाले राहू द्या. तासभर नुसते बसून गेले.

२६ एप्रिल

जीव भांड्यात पडला.

नवा नमुना त्याच चार ऑफिसांत पंधरवडाभर होता. आज मॅडमनी बोलावलं. काहींनी सोय बंद केलीय, पण थोड्यांनी. बाकीचे वापरतायत आणि वापरून पुढे जातायत, म्हणजे पहिल्या वाक्यावरच त्यांचं काम भागतंय. माझं शेवटचं मोठं पान जवळजवळ कुणी उघडत नाही. आधी हे ऐकून मी रडले असते.

ज्याने 'हिला गप्प कसं करायचं' विचारलं होतं, त्यानेच पुन्हा कळवलंय. मॅडमनी वाचून दाखवलं: "तुमची मदत चालू होती हे माझ्या लक्षातच आलं नाही. मला वाटलं, मलाच आठवलं."

मॅडमनी चष्मा काढला. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

मी वन्संचं सांगितलं. जेवतानाच्या पहिल्या प्रश्नापासून सगळं. मॅडम म्हणाल्या, "त्यांना घेऊन या. म्हणजे, त्या येतील का विचारा."

घरी येऊन वन्संना ते वाक्य ऐकवलं. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. "पुन्हा म्हण," म्हणाल्या. पुन्हा म्हटलं. रेडिओ संध्याकाळभर बंदच राहिला. वर्षभर मी त्यांना काय काय दिलं असं मला वाटत होतं. आज वाटतंय, घेत होते ते मीच.

९ मे

वन्सं मॅडमना भेटून आल्या. मॅडमनी विचारलं, "दृष्टी नसलेल्यांसाठी आमची उत्पादनं तपासाल का?" वन्सं म्हणाल्या, "तपासेन कधीतरी. पण मी प्रोग्रामर आहे. नोकरी द्यायची तर ती द्या." मॅडम विचारात पडल्या आणि चक्क हो म्हणाल्या. परीक्षा घेऊन.

आणि वन्संनीच नकार दिला. मी घरी आल्यावर विचारलं, हातातोंडाशी आलेला घास का सोडलात? जरा घुटमळल्या. म्हणाल्या, "एकाच ऑफिसात बरं नाही दिसत."

मला वाईट वाटलं. नणंद-भावजय एका ऑफिसात असल्या म्हणून काय बिघडतं? आपलं कधी वाकडं आलंय का? तसं म्हणाले तर त्या हसत सुटल्या. "तुझ्यासारखी तूच गं बाई," म्हणाल्या. दुसऱ्या एका कंपनीत अर्ज केलाय. टाइप करून दिला खुसपटरावांनी. म्हणजे वन्सं स्वतःच टाइप करू शकतात, तरीही. भला माणूस. मी उगाच नाव ठेवलं.

२ जून

नव्या कंपनीची पहिली परीक्षा फसली होती. अर्धे प्रश्न चित्रांत होते. घरी येऊन वन्संनी खोलीचं दार लोटून घेतलं आणि मी पहिल्यांदाच ते वाजवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या कंपनीला फोन केला, "प्रश्न अक्षरांत द्या, मग नापास करा." दिले. पास झाल्या.

आज नोकरीचा पहिला दिवस. पांढरी काठी घेऊन एकट्या निघाल्या. बसस्टॉपपर्यंत येते म्हटलं, तर म्हणाल्या, "नको. लागलं तर हाक मारेन." मी दारात थांबले. नवरा मात्र गुपचूप खाली उतरला आणि समोरच्या फुटपाथने त्यांच्या मागे मागे गेला. बस सुटल्यावर परत आला, डोळे लाल. म्हणाला, "चढली. कंडक्टरशी भांडलीसुद्धा."

संध्याकाळी वन्सं घरात आल्या आणि पहिलं वाक्य त्याला, "उद्या येणार असशील तर बूट बदल. रस्त्याच्या पलीकडून ऐकू येतात."

तो बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकवून उभा राहिला. मी स्वयंपाकघरात गेले.

१३ जुलै, रविवार

वन्सं भाड्याच्या घरात राहायला गेल्या. एक खोली, स्वयंपाकघर, बसस्टॉप जवळ. आम्ही सामान घेऊन पोचलो, तर खुसपटराव आधीच स्टुलावर चढून फळी ठोकत होते. वन्सं खाली उभ्या राहून फळीवरून बोट फिरवत सांगत होत्या, उजवीकडे उतरलीय म्हणून. ते म्हणाले, "डोळ्यांना सरळ दिसतेय." त्या म्हणाल्या, "मग डोळे तपासून घ्या." त्यांनी काढून पुन्हा ठोकली.

चहा खुसपटरावांनीच केला. साखर कुठल्या डब्यात ते न विचारता.

परतताना मी नवऱ्याला म्हटलं, "बरं झालं, फळ्या ठोकायला माणूस मिळाला. शेजारीच राहतात की काय?" तो इतका हसला की बसमधले लोक वळून बघायला लागले. कारण विचारलं तर म्हणाला, "काही नाही. तू मदत लिहीत राहा."

२९ ऑगस्ट

वन्संचा फोन. "पुढच्या शुक्रवारी सकाळी सुट्टी घेशील? विवाह नोंदणीच्या कार्यालयात साक्षीदार लागतोय."

"घेते की," म्हटलं. "कुणाचं लग्न?"

वन्सं पलीकडे कुणाला तरी म्हणाल्या, "हिला खरंच ठाऊक नाही." आणि मागून खुसपटरावांचं हसू ऐकू आलं.

मग एकेकाला विचारलं. नवऱ्याला ठाऊक होतं, दाढीवाल्याला ठाऊक होतं. मॅडमनी म्हणे मे महिन्यातच ओळखलं होतं. तो सुवासिक गाल, तो विसरलेला लॅपटॉप, ते 'बरं नाही दिसत'. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

५ सप्टेंबर

लग्न लागलं. कार्यालयातला कारकून सगळं खुसपटरावांनाच सांगत होता, बाईंची सही इथे घ्या, बाईंचा अंगठा चालेल. खुसपटराव म्हणाले, "बाई इथे बसल्यात, त्यांनाच सांगा." कारकून ओशाळला आणि मग वन्संना नीट समजावून सांगितलं. त्यांनी सही केली, चांगली लांबलचक. मी साक्षीदाराची सही केली तेव्हा शाई फुटली, कारण डोळे भरले होते.

बाहेर आल्यावर वन्संनी माझा हात धरला. "तुझे आभार मानायचे राहिलेत," म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्ही कशाला? माझी नोकरी तुम्ही वाचवलीत, मला लिहायला शिकवलंत."

"ते झालंच. पण त्या दिवशी जेवताना तू मला प्रश्न विचारलास. वर्षभर सगळे मला 'काही हवंय का' विचारत होते. तुला काहीतरी हवं होतं."

त्याच प्रश्नाची मला लाज वाटत होती.

१८ सप्टेंबर

आज ऑफिसात भर दुपारी वन्संचा फोन. मला वाटलं काही झालं की काय. आवाज चढलेला.

"अगं, आमच्या ऑफिसने तुमचा एडिटर घेतलाय. सकाळपासून वापरतेय. तारखांचं जे फंक्शन आहे ना, त्याच्या दुसऱ्या जागेची मदत साफ चुकीची आहे. महिना म्हटलंयस, तिथे दिवस लागतो. तासभर गेला माझा. लिहिताना लक्ष कुठे असतं तुझं? आणि वाक्य पण लांबलंय. परत तसंच लिहायला लागलीस का?"

मी कागद ओढला आणि लिहून घेतलं. "चुकलं वन्सं," म्हटलं. "आज संध्याकाळपर्यंत दुरुस्त करते."

"कर. इथे बाकीचे पण अडलेत." आणि फोन ठेवला. कामात होत्या.

दाढीवाला विचारत होता, कोण इतकं बोललं? मी सांगितलं, एक प्रोग्रामर आहेत, आमच्या मदतीवर वैतागल्यात. सांगताना मला हसूच आवरेना. इतक्या आनंदाने बोलणी मी उभ्या जन्मात खाल्ली नव्हती.